अद्भुत प्रवासाचे वाटाडे : भा. रा. भागवत

१९१० सालच्या मे महिन्यात जगभरच्या लोकांचे डोळे आकाशाकडे लागले होते. सुमारे पंचाहत्तर वर्षांनी एकदा दर्शन देणारा हॅलेचा धूमकेतू त्या वेळी आकाशात आला होता. या खेपेस पृथ्वी त्याच्या शेपटातून जाणार, असे ज्योतिर्विदांनी गणिताने काढले होते. शेपटात विषारी वायू आहे, असेही कळले होते. झाले! युरोप-अमेरिकेतील शहरांत घबराट पसरली. आपल्याकडे तर शेंडेनक्षत्र दिसले की काहीतरी अरिष्ट येणार, ही समजूत पूर्वापार चालत आलेलीच होती. प्रत्यक्षात तो दिवस आला आणि गेला. कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही. शेपटातील वायू इतका विरळ होता, की पृथ्वीला त्याची जाणीवही झाली नाही.

त्याच महिन्याच्या शेवटच्या दिवशी, ३१ मे १९१० रोजी, इंदूर येथे एका मराठी घरात एक मुलगा जन्मास आला. भास्कर रामचंद्र भागवत हे त्याचे नाव. पुढे महाराष्ट्रातील मुले त्यांना भा. रा. भागवत या नावाने ओळखू लागली. ज्या शेंडेनक्षत्राला लोक भ्याले, त्याच शेंडेनक्षत्रावर मराठी मुलांना मुक्कामाला नेण्याचे काम या मुलाच्या हातून व्हावयाचे होते.

इंदूर हे होळकरांच्या राज्याचे शहर. माळव्याच्या भूमीत, हिंदी भाषेच्या शेजारात, तेथील मराठी कुटुंबांनी आपली भाषा पिढ्यान् पिढ्या जपली. भास्कररावांचा जन्म अशा ठिकाणी झाला. पुढील बरेचसे आयुष्य मात्र महाराष्ट्रात गेले. त्यांच्या ऐन तारुण्यात देशात स्वातंत्र्याचा लढा पेटला होता. १९४२ च्या ‘चले जाव’ चळवळीत त्यांनीही भाग घेतला. त्यांच्या पत्नी लीलावतीबाई याही लेखिका होत्या. मुलांसाठी त्यांनी पुष्कळ लिहिले आणि आकाशवाणीच्या द्वारे त्यांचा आवाज घरोघरी पोहोचला. पतिपत्नी दोघांनीही मुलांसाठी लिहिण्याचे व्रत घ्यावे, असा योग क्वचितच जुळून येतो. भागवतांच्या घरी तो जुळून आला होता.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा मराठी मुलांजवळ गोष्टींचे धन नव्हते असे नाही. आजीच्या तोंडून ऐकलेल्या राजाराणीच्या गोष्टी होत्या, पंचतंत्र होते, इसापनीती होती, रामायण-महाभारत होते. साने गुरुजींनी आईच्या मायेने भरलेल्या कथा मुलांच्या हाती दिल्या होत्या. परंतु जग आता नवे झाले होते. विमाने आकाशात फिरत होती, पाणबुड्या समुद्राखालून जात होत्या, आणि चंद्रावर जाता येईल काय, याचा शास्त्रज्ञ गंभीरपणे विचार करू लागले होते. या नव्या जगाचे कुतूहल मराठी मुलाच्या मनात जागे करील, आणि तेही त्याच्या मातृभाषेत, असे वाङ्मय फारच थोडे होते. इंग्रजी येणाऱ्या मुलाला अशी पुस्तके मिळत. ज्याला ती भाषा येत नव्हती, त्याच्यासाठी हे दालन बंदच होते. ही उणीव भागवतांनी ओळखली.

त्यांनी ‘बालमित्र’ नावाचे मुलांचे मासिक काढले. मुलांचे मासिक चालविणे म्हणजे सतीचे वाण घेण्यासारखेच आहे. मुलांच्या हाती पैसा नसतो. वडीलमाणसांना आधी फी, वह्या, धान्य यांची सोय पाहावी लागते. चांगला कागद, चांगली चित्रे, शुद्ध छपाई यांचा खर्च मात्र टळत नाही. किंमत वाढवावी तर गरीब घरातील वाचक तुटतो; न वाढवावी तर चालकाच्या खिशाला भोक पडते. अशा पेचात सापडून आपल्या देशात अनेक चांगली मासिके बंद पडली आहेत. ‘बालमित्र’ही पुढे बंद पडले. पण मासिक बंद पडले म्हणून संपादकाची लेखणी थांबली नाही. अंकातून मुलांना भेटणारे भागवत पुस्तकांतून त्यांना भेटू लागले.

याच प्रकारचे काम त्यांच्यापूर्वी शंभरएक वर्षे फ्रान्समध्ये झाले होते. १८६४ साली पॅरिसमधील एत्झेल नावाच्या प्रकाशकाने मुलांसाठी एक नियतकालिक सुरू केले. ज्ञान आणि करमणूक या दोहोंची सांगड घालावी आणि घरातील लहानथोरांनी मिळून वाचावे, हा त्याचा उद्देश होता. या प्रकाशकाला एक मोठा लेखक गवसला. त्याचे नाव ज्यूल व्हर्न. १८२८ साली नांत या बंदराच्या गावी जन्मलेल्या या लेखकाला वडिलांनी वकिली शिकण्यास पॅरिसला पाठविले. त्याचे मन मात्र ग्रंथालयात रमले. भूगोल, खगोल, यंत्रविद्या यांवरील ग्रंथ आणि नियतकालिके वाचून तो टिपणांचे ढीग रचीत असे. त्या टिपणांतून त्याने पन्नासांहून अधिक अद्भुत प्रवासकथा निर्माण केल्या. १९०५ साली तो मरण पावला, तेव्हा त्याची पुस्तके जगातील अनेक भाषांत गेली होती.

या ज्यूल व्हर्नला भागवतांनी मराठी मुलांच्या भेटीस आणले. ‘चंद्रावर स्वारी’, ‘समुद्र सैतान’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ ही त्यांपैकी काही पुस्तके. या नावांकडे नीट लक्ष द्यावे. स्वारी हा मराठ्यांच्या इतिहासातला शब्द आहे. घोड्यावर मांड ठोकून निघालेल्या शूरांची त्यासरशी आठवण होते. पाताळलोक पुराणातून आला आहे; आजीच्या गोष्टी ऐकलेल्या मुलाला तो परका वाटत नाही. मुक्काम हा तर पत्राच्या पाकिटावर लिहिला जाणारा नित्याचा शब्द. आकाशातल्या धूमकेतूचा पत्ता जणू शेजारच्या गावाचा असावा, इतक्या सहजपणे तो लिहिला आहे. परदेशी गोष्ट मराठीत आणणे म्हणजे शब्दाला शब्द ठेवणे नव्हे, तर तिला आपल्या घरच्या पाटावर बसविणे होय, हे भागवतांनी पुस्तकाच्या नावापासूनच दाखवून दिले.

धूमकेतूच्या गोष्टीचेच उदाहरण घ्या. व्हर्नच्या मूळ कथेत एक धूमकेतू पृथ्वीला घासून जातो आणि आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील जमिनीचा एक तुकडा, त्यावरील माणसांसह, उचलून नेतो. काय घडले हे त्या माणसांना प्रथम कळतच नाही. सूर्य पश्चिमेस उगवू लागतो. सहा तासांचा दिवस आणि सहा तासांची रात्र होते. साधी उडी मारावी तर माणूस कितीतरी उंच जातो. चुलीवर पाणी लवकर उकळते, पण त्यात टाकलेले अंडे मात्र शिजत नाही! या सर्व चमत्कारांना कारणे आहेत. धूमकेतू लहान म्हणून त्याचे आकर्षण कमी, म्हणून उडी उंच. हवा विरळ म्हणून पाणी कमी उष्णतेवरच उकळते, आणि त्या कमी उष्णतेत अंडे शिजत नाही. हिमालयातील उंच ठिकाणी डाळ-तांदूळ शिजायला वेळ लागतो, त्याचे कारणही हेच. गोष्ट संपली तरी हा प्रश्न मुलाच्या मनात राहतो, आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातील आधण पाहताना तो पुन्हा जागा होतो.

हीच अशा गोष्टींची खरी शक्ती होय. ज्या शेंडेनक्षत्राच्या नावाने वडीलधाऱ्यांना कापरे भरत असे, त्याच्याविषयी मुले आता प्रश्न विचारू लागली. ते कोठून येते? पुन्हा केव्हा येईल? त्याचे शेपूट नेहमी सूर्याच्या विरुद्ध बाजूसच का असते? भीतीच्या जागी जिज्ञासा आली, की अर्धे शिक्षण झालेच म्हणून समजावे.

अशी पुस्तके एकट्याने वाचण्यात गोडी आहे; परंतु चारचौघांत बसून वाचण्यात ती दुप्पट होते. १९५७ साली कांदिवली बृहन्मुंबईत समाविष्ट झाली. तेव्हा मुंबईत दूरदर्शन नव्हते. ते यावयास १९७२ साल उजाडावे लागले. अशा उपनगरात दिवेलागणीनंतर एखाद्या घरात शुभंकरोती आटोपावी, लोकलगाडीच्या गर्दीतून दमून आलेल्या वडिलांनी हातपाय धुऊन पुस्तक उघडावे, आणि भोवती लहानमोठी मुले गोळा व्हावीत, याहून सुखाची संध्याकाळ कोणती? पश्चिमेस खाडी आणि पलीकडे अरबी समुद्र; पूर्वेस बोरिवलीच्या बाजूने पसरलेले जंगलाचे डोंगर. समुद्राच्या तळाची गोष्ट ऐकणाऱ्या मुलाला तो समुद्र काही दूर शोधावा लागत नाही. सर्वांत धाकटे मूल मधेच विचारते, की पाणबुडीत श्वास कसा घ्यायचा? थोरले उत्तर देऊ पाहते. उत्तर चुकते. वडील पुस्तक मिटून विचार करू लागतात, कारण त्यांनाही ते नीट ठाऊक नसते. या एका क्षणात घरातील सर्वजण विद्यार्थी होतात. वाचणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये अशी मैत्री जोडणे, हे बालवाङ्मयाचे मोठे कार्य आहे.

व्हर्नच्या गोष्टींत भारतीय वाचकाला आपलेपणा वाटावा असे दुवेही आहेत. समुद्राखाली ‘नॉटिलस’ नावाची विजेवर चालणारी पाणबुडी घेऊन फिरणारा कप्तान नेमो हा कोण, हे कोडे एका कादंबरीत सुटत नाही. १८७५ साली पूर्ण झालेल्या दुसऱ्या कादंबरीत त्याचा उलगडा होतो. नेमो हा बुंदेलखंडातील एक राजपुत्र असून १८५७ च्या स्वातंत्र्यसमरात तो लढला होता. ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणारा फिलिअस फॉग हाही मुंबई बंदरात उतरतो आणि आगगाडीने कलकत्त्याकडे निघतो. वाटेत लोहमार्ग अपुरा असल्याचे आढळल्यावर त्याला हत्ती विकत घ्यावा लागतो. शेवटी आपण पैज हरलो अशी त्याची खात्री होते, पण तो जिंकलेला असतो. पूर्वेकडे जाताना प्रत्येक अंशाला चार मिनिटांचा फरक पडतो. पृथ्वीचे अंश तीनशे साठ. म्हणून पूर्ण प्रदक्षिणेत चोवीस तासांचा, म्हणजे एका दिवसाचा, लाभ होतो. भूगोलाच्या पुस्तकातील कंटाळवाणे रेखांश येथे गोष्टीचे प्राण होऊन बसतात.

अशा कथा वाचताना एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवली पाहिजे. विज्ञानकथा हे विज्ञानाचे पाठ्यपुस्तक नव्हे. १८६५ सालच्या चंद्रप्रवासाच्या कथेत व्हर्नने तीन प्रवाशांना एका प्रचंड तोफेतून आकाशात उडविले. प्रत्यक्षात तोफेच्या त्या पहिल्या धक्क्यातच त्यांचे प्राण गेले असते. माणसाला चंद्रावर नेण्यास तोफ उपयोगी पडली नाही; हळूहळू वेग वाढविणारे अग्निबाण लागले. तरीही १९६९ साली तीन अंतराळवीर चंद्राकडे निघाले, ते अमेरिकेतील फ्लॉरिडा प्रांतातून, आणि परतीच्या वेळी ते उतरले प्रशांत महासागरात. व्हर्नच्या गोष्टीतही हेच प्रस्थानाचे स्थान आणि हाच परतीचा सागर आहे. कल्पना कोठे चुकली आणि कोठे बरोबर आली, हे शोधून काढणे हाही वाचनाचाच एक आनंद आहे. लहान मुलांबरोबर वाचणाऱ्याने गोष्टीतील चूक लपवू नये. ती दाखवावी आणि का चुकली ते मिळून शोधावे.

परदेशच्या वीरांना मराठी वेष देऊन भागवत थांबले नाहीत. मराठी मुलाला आपल्याच मातीतला एक साहसवीर हवा, हे त्यांनी जाणले, आणि पुण्याजवळच्या फुरसुंगी गावातून त्यांनी बनेश फेणे याला उभे केले. हाच तो फास्टर फेणे. देहाने किडकिडीत, पायांत मात्र वारा भरलेला. पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा, सायकलवरून भरधाव सुटणारा आणि तोंडाने ‘टॉक्’ असा आवाज काढणारा हा मुलगा पाहता पाहता घराघरांतला झाला. त्याच्याजवळ जादूची कांडी नाही, शस्त्र नाही, श्रीमंती नाही. उघडे डोळे, चलाख बुद्धी आणि संकटात सापडलेल्यासाठी धावून जाण्याची वृत्ती, एवढेच त्याचे भांडवल. प्रतापगड असो की काश्मीर, चक्रीवादळ असो की विमानचोरांची गाठ, तो डगमगत नाही. फास्टर फेणेची अशी अनेक पुस्तके भागवतांनी लिहिली. वाचणाऱ्या मुलाला मनोमन वाटते की हे आपल्यालाही जमेल. परदेशी कप्तानाविषयी आदर वाटतो; फुरसुंगीच्या मुलाविषयी जवळीक वाटते. मुलाच्या वाढीला दोन्ही हवेत.

त्यांनी निर्माण केलेला दुसरा मुलगा म्हणजे बिपिन बुकलवार. आडनावावरूनच त्याचा स्वभाव कळतो. पुस्तकांचा फडशा पाडणे हा त्याचा छंद. पुस्तकी किडा म्हणून ज्याला लोक हसतात, त्यालाच भागवतांनी कथेचा नायक केले. सायकलवर धावणारा फेणे आणि पुस्तकात बुडालेला बिपिन या दोघांत कोण थोर, असा प्रश्न त्यांनी मुलांपुढे टाकला नाही. धावण्याला विचाराची आणि विचाराला धावण्याची जोड हवी, हे दोघांच्या गोष्टी वाचल्यावर आपोआप उमगते.

पुष्कळदा असे समजले जाते, की मुलांसाठी लिहिणे हे सोपे आणि दुय्यम काम आहे. भागवतांनी सारी हयात त्याच कामाला वाहिली. मोठ्या वाचकाला एखादे पान कंटाळवाणे वाटले तरी तो लेखकाच्या नावलौकिकाकडे पाहून पुढे वाचतो. मूल तसे करीत नाही. कंटाळा आला की ते पुस्तक खाली ठेवते आणि खेळायला पळते. अशा परखड परीक्षकांपुढे वर्षानुवर्षे उत्तीर्ण होत राहणे ही सामान्य गोष्ट नव्हे. एवढे करूनही त्यांनी मोठेपणाचा आव आणला नाही. स्वतःच्या नावावर कोटी करून त्यांनी आपल्या एका पुस्तकाला ‘भाराभर गवत’ असे नाव दिले. ज्याला स्वतःवर हसता येते, त्यालाच मुलांचा विश्वास लाभतो.

१९८६ साली हॅलेचा धूमकेतू पुन्हा आला. भागवतांच्या वयाला तेव्हा शहात्तरावे वर्ष चालू होते. या वेळी लोक घाबरले नाहीत. माणसाने पाठविलेल्या यानांनी धूमकेतूच्या जवळ जाऊन त्याची छायाचित्रे पृथ्वीकडे पाठविली आणि मुले दुर्बिणीतून त्याला शोधू लागली. पुढल्याच वर्षी, १९८७ मध्ये, फास्टर फेणे दूरदर्शनवर अवतरला. २७ ऑक्टोबर २००१ रोजी, एक्याण्णव वर्षांचे दीर्घ आयुष्य भोगून, भागवतांनी जगाचा निरोप घेतला. त्यांच्या पश्चात २०१७ साली फास्टर फेणेवर चित्रपट निघाला, आणि त्यात स्वतः भागवतांनाही एक पात्र म्हणून स्थान मिळाले. लेखक आपल्या मानसपुत्राच्या कथेत जाऊन बसला!

हॅलेचा धूमकेतू आता २०६१ साली परत येईल. आज शाळेत शिकणारी मुले तेव्हा चाळिशी ओलांडलेली असतील. आपल्या मुलांना हाताशी धरून ती एखाद्या रात्री गच्चीवर जातील आणि आकाशातील तो पांढुरका पट्टा दाखवतील. मुले विचारतील, की तेथे जाता येते का? त्या प्रश्नाला भिऊन गप्प न बसवता, घरात जाऊन एखादे जुने पुस्तक शोधावे, दिव्याजवळ बसावे आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचू लागावे. भा. रा. भागवतांचे याहून योग्य स्मारक दुसरे कोणते असू शकेल?